देवास गेटवरचा बीबीए

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलेला यात्रेकरू काही मिनिटांतच देवास गेटला येऊन ठेपतो. समोर बस स्टँड. आजूबाजूला लॉज, धर्मशाळा, भोजनालयं, टॅक्सीवाल्यांची कार्यालयं, पोहे-जिलबीच्या गाड्या, मोबाइलची दुकानं, ऑनलाइन फॉर्म भरून देणारी केंद्रं. महाकालाच्या दर्शनाला आलेला माणूस इथे खोली शोधतो, भाव करतो, जेवतो आणि दुसऱ्या दिवशीची ओंकारेश्वरची गाडी ठरवतो. भस्म आरती पहाटेची असल्यामुळे इथली रात्रही कामाची असते. लॉजच्या गल्ल्यावर बसलेला तरुण मध्यरात्रीही खोल्या देत असतो, चहावाल्याचा स्टोव्ह पहाटेच पेटलेला असतो.

याच देवास गेटशी आणखी एक नाव जोडलेलं आहे, माधव महाविद्यालय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या काळात सुरू झालेलं हे माळव्यातलं जुनं कॉलेज. एका बाजूला चोवीस तास चालणारा बाजार आणि दुसऱ्या बाजूला सव्वाशे वर्षांहून जुनी शिक्षणाची परंपरा, असा हा चौक आहे. बारावी झालेली आजची मुलं या चौकातूनच कुठल्या ना कुठल्या कॉलेजकडे जातात, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या हातातल्या अर्जावर बी.ए. किंवा बी.कॉम.ऐवजी बीबीए लिहिलेलं असतं. बॅचलर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन. घरातल्या मोठ्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: "बीबीए करून पुढे काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं, तर आधी गाव पाहावं लागेल, मग पदवी आणि शेवटी या दोहोंमधलं अंतर.

कारभाऱ्यांचं गाव

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. तोवर उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभं केलं. आज देवास गेटवरच्या प्रत्येक लॉजची, प्रत्येक टॅक्सीची कमाई ज्या मंदिरावर चालते, त्या मंदिराच्या उभारणीमागे एका मराठी कारभाऱ्याची योजना आणि पैशांची तजवीज होती, ही गोष्ट व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांना सांगितली पाहिजे.

शिंदेशाहीबरोबर आलेली मराठी कुटुंबं इथे दरबारात, कचेरीत, शाळेत आणि मंदिरात स्थिरावली. जयपूरच्या सवाई जयसिंगाने इथे बांधलेल्या वेधशाळेची १९२३ च्या सुमारास माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने दुरुस्ती झाली, तेव्हा ती सांभाळायला गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखे ज्योतिर्गणिती होते. भीमबेटकाची शैलचित्रं १९५७ मध्ये जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर उज्जैनचेच. माधव महाविद्यालयात प्रभाकर माचवे शिकवत होते आणि गजानन माधव मुक्तिबोध इथले विद्यार्थी होते. घरात मराठी आणि लेखणीत हिंदी असलेले हे दोघेही १९४३ च्या 'तार सप्तक'मध्ये एकत्र आले. पुढे शिवमंगलसिंह 'सुमन' या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि नंतर विक्रम विद्यापीठाचे कुलगुरू. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाला आता सम्राट विक्रमादित्याचं नाव देण्यात आलं आहे.

ही सारी नावं शिक्षणाची, विद्येची, कारभाराची आहेत. उज्जैनच्या मराठी घरांची ओळखही तशीच घडली. आजोबा शिक्षक किंवा सरकारी कारकून, वडील बँकेत, वीज मंडळात किंवा मिलच्या ऑफिसात. व्यापार दुसऱ्यांनी करायचा, आपण हिशेब लिहायचा. विसाव्या शतकात ही घडी चांगली चालली, कारण सरकारी नोकऱ्या होत्या आणि मिलचे भोंगेही वाजत होते. विनोद मिल, हिरा मिल यांच्या चिमण्यांवर शहराचे अनेक मोहल्ले पोसले जात. पुढे मिल बंद पडल्या आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे खटले वर्षानुवर्षं चालले. सरकारी भरतीही आक्रसली. घडी मोडली, पण मनातली अपेक्षा तशीच राहिली: मुलाने शिकावं आणि नोकरीला लागावं.

बीबीएकडे वळणाऱ्या बऱ्याच घरांत हीच अपेक्षा नव्या नावाने पुढे आली आहे. म्हणून या पदवीकडे नीट पाहायला हवं.

पदवी आली कुठून?

व्यवसाय हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय आहे, ही कल्पना अमेरिकेत १८८१ मध्ये रुजली. जोसेफ व्हार्टन या उद्योगपतीच्या देणगीतून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पदवी पातळीवरची व्यवसाय-शाळा उघडली गेली. आपल्याकडे १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झालं आणि पुण्यात १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय. ही वाणिज्याची परंपरा होती: जमाखर्च, बँकिंग, कायदा. व्यवस्थापन हा वेगळा विषय म्हणून आला तो स्वातंत्र्यानंतर, आणि तोही पदव्युत्तर पातळीवर. १९६१ मध्ये कोलकाता आणि अहमदाबादला आयआयएम स्थापन झाल्या, १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज संस्था. या रचनेत गृहीतक असं होतं की आधी माणसाने काही शिकावं, जमलं तर काही वर्षं काम करावं आणि मग व्यवस्थापन शिकावं.

बारावीनंतर लगेच व्यवस्थापन, ही कल्पना नंतरची. दिल्ली विद्यापीठात १९८० च्या दशकात बीबीएस सुरू झालं, मुंबई विद्यापीठात १९९९ च्या सुमारास बीएमएस. उदारीकरणाने बँका, विमा, दूरसंचार, मॉल, कॉल सेंटर अशी पदवीधरांना हवी असलेली कामं निर्माण केली होती. खासगी महाविद्यालयांना कमी खर्चात सुरू करता येईल असा अभ्यासक्रम हवा होता. अभियांत्रिकीला यंत्रं लागतात, विज्ञानाला प्रयोगशाळा लागते. बीबीएला वर्ग, प्रोजेक्टर आणि शिक्षक पुरतात. त्यामुळे ही पदवी छोट्या शहरांत झपाट्याने पसरली.

इंदूरला १९९६ मध्ये आयआयएम आली आणि २०११ मध्ये तिने बारावीनंतरचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम सुरू केला. हे उज्जैनपासून पंचावन्न किलोमीटरवर घडलं. उज्जैनच्या विद्यापीठातही पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या नावाची व्यवसाय प्रबंध संस्था आहे आणि तिथे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालतात. मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री मोहन यादव याच विद्यापीठाचे एमबीए आणि पीएचडी. ते राज्याचे उच्च शिक्षण मंत्री असताना, २०२१ मध्ये, मध्य प्रदेशने नवं शैक्षणिक धोरण पदवी पातळीवर लागू केलं. अशी पावलं उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होता.

२०२४ मध्ये काय बदललं?

बीबीएचं नियमन बराच काळ विद्यापीठांच्या हातात होतं. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेच्या कक्षेत घेतले. शिक्षकसंख्या, इमारत आणि अभ्यासक्रम यांचे काही किमान निकष आले आणि परिषदेने बीबीएचा नमुना अभ्यासक्रमही प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रात याचे पडसाद मोठे उमटले. राज्य सीईटी कक्षाने २०२४ मध्ये या अभ्यासक्रमांसाठी प्रथमच प्रवेश परीक्षा घेतली. जागा लाखाहून अधिक होत्या आणि परीक्षेला बसलेली मुलं त्याच्या निम्म्याच्या आसपास. पुन्हा एकदा परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम.च्या वेगळ्या नावाखाली चालवण्याची वाट शोधली. एकच विषय वेगवेगळ्या नावांनी विकला जात असेल, तर पालकाने नावाच्या आत डोकावून पाहिलं पाहिजे, हा या घडामोडीचा धडा आहे.

नव्या धोरणाने पदवीची मुदतही सैल केली. एक वर्ष पूर्ण करून चाळीस श्रेयांक मिळवणाऱ्याला प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षं आणि १२० श्रेयांकांना पदवी, चार वर्षं आणि १६० श्रेयांकांना ऑनर्स पदवी. घरच्या अडचणीने शिक्षण सोडावं लागणाऱ्या मुलाला यातून थोडा आधार मिळतो. चौथं वर्ष घ्यावं का, याचं उत्तर ध्येयावर अवलंबून आहे. संशोधनाकडे किंवा परदेशी पदव्युत्तर शिक्षणाकडे जायचं असेल, तर ते उपयोगी. भारतात एमबीए करायचं असेल, तर तीन वर्षांची पदवी पुरते. मग चौथं वर्ष वर्गात काढण्यापेक्षा कामात घालवलेलं बरं.

लॉजचा हिशेब

बीबीएत शिकवतात काय? व्यवस्थापनाची तत्त्वं, आर्थिक लेखांकन, सांख्यिकी, व्यवसाय-अर्थशास्त्र, विपणन, मनुष्यबळ, व्यवसाय-कायदा, उत्पादन आणि कार्यव्यवस्थापन. यादी चांगली आहे. अडचण अशी की हे विषय मुलांना अनेकदा व्याख्या म्हणून भेटतात. फिलिप कोटलरची व्याख्या, पीटर ड्रकरची व्याख्या, पाच मुद्दे, दहा गुण. ज्या मुलाचं कॉलेज देवास गेटजवळ आहे, त्याच्यासमोर हा सारा अभ्यासक्रम रस्त्यावर मांडलेला असतो. तो वाचायला शिकवणं हे शिक्षकाचं खरं काम आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत, पण पद्धत खरी आहे. वीस खोल्यांचा लॉज, खोलीचं भाडं रात्रीला ९०० रुपये. जागेचं भाडं, पगार, वीज असा महिन्याचा बांधील खर्च १,८०,००० रुपये. खोली लागली की धुलाई, साबण, पाणी, साफसफाई यांचा खर्च १५० रुपये. म्हणजे प्रत्येक खोलीमागे हाती राहतात ७५० रुपये. बांधील खर्च भागायला महिन्यात २४० खोल्या-रात्री विकल्या जायला हव्यात. उपलब्ध रात्री ६००. म्हणजे चाळीस टक्के खोल्या भरल्या की लॉज तोट्याच्या रेषेवरून वर येतो.

आता हाच लॉज मोबाइल अॅपवरून बुकिंग घेतो आणि अॅपवाला भाड्याच्या वीस टक्के कमिशन कापतो. खोलीमागे १८० रुपये गेले, राहिले ५७०. आता लागतात सुमारे ३१६ रात्री, म्हणजे जवळजवळ त्रेपन्न टक्के. मालकाला वाटतं अॅपमुळे गर्दी वाढली, धंदा वाढला. खोल्या भरलेल्या दिसतात, पण प्रत्येक भरलेली खोली आधीपेक्षा कमी देऊन जाते. हा फरक ज्याला कागदावर मांडून दाखवता येतो, तो मुलगा त्या मालकाला कामाचा वाटेल. हेच पाठ्यपुस्तकातलं सम-विच्छेद विश्लेषण आहे.

कायद्याचा विषय घ्या. रात्रीला हजार रुपयांपर्यंत भाड्याच्या खोल्यांना जीएसटीची सूट होती. ती १८ जुलै २०२२ पासून गेली आणि त्यांना बारा टक्के कर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा कर पाच टक्क्यांवर आला, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट गेली. म्हणजे नऊशे रुपयांची तीच खोली तीन-सव्वातीन वर्षांत तीन वेगवेगळ्या करव्यवस्थांत राहिली. या बदलाचा परिणाम भाड्यावर, नफ्यावर आणि गिऱ्हाइकावर काय झाला, हा देवास गेटच्या कुठल्याही बीबीए वर्गासाठी उत्तम प्रकल्प आहे.

विपणनासाठी लांब जायला नको. सोमवार, श्रावण, महाशिवरात्र, आणि वर्षातून एकदाच उघडणाऱ्या नागचंद्रेश्वराची नागपंचमी. मागणीचे हे चढ पंचांगात छापलेले असतात. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी मंदिरालगतच्या 'महाकाल लोक' या परिसराचं उद्घाटन झालं, तेव्हापासून शनिवार-रविवारची गर्दीही वाढली आहे. गुजरातहून कुटुंबासह येणारा यात्रेकरू, दक्षिणेतून गटाने येणारे ज्येष्ठ नागरिक आणि इंदूरहून एका दिवसासाठी येणारे तरुण, या तिघांना हवं ते वेगळं असतं. ज्येष्ठांना तळमजल्याची खोली आणि गरम पाणी, कुटुंबाला गाडी लावायला जागा, तरुणांना सामान ठेवायला दोन-चार तासांची सोय. बाजाराचं विभाजन यालाच म्हणतात.

आणि पुढे २०२८ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. २०१६ च्या सिंहस्थात एका महिन्यासाठी या शहराला तात्पुरतं महानगर व्हावं लागलं होतं. पाणी, वाहतूक, निवास, अन्न, स्वच्छता, हरवलेल्या माणसांचा शोध, स्वयंसेवकांच्या पाळ्या. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठी प्रयोगशाळा देशात क्वचितच मिळेल. आज पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांना त्यात जबाबदारीचं काम मिळेल अशी व्यवस्था महाविद्यालयांनी आणि प्रशासनाने आत्ताच करायला हवी.

नोकरी कुठे आहे?

गेल्या काही वर्षांतले आकडे डोळ्यांआड करून चालणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. याचं कारण उघड आहे. न शिकलेल्याला बसून राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर आपल्या पदवीला साजेसं काम शोधत थांबतो आणि तशी कामं पदव्यांच्या मानाने कमी आहेत. बीबीए या वास्तवाला अपवाद नाही.

मग संधी कोणत्या? पहिली वाट स्पर्धा परीक्षांची. बँकांच्या आयबीपीएस परीक्षा, कर्मचारी निवड आयोग, राज्य सेवा यांना कुठलीही पदवी चालते, त्यामुळे बीबीएचा मुलगा त्यांना बसू शकतो. पण केवळ एवढ्यासाठी महागडं बीबीए करण्याची गरज नाही. सरकारी महाविद्यालयातली साधी पदवीही तेच दार उघडते. सनदी लेखापाल व्हायचं असेल, तर बी.कॉम. अधिक जवळचं.

दुसरी वाट खासगी क्षेत्राची. बीबीए झालेल्याला सुरुवातीला बहुधा विक्रीचं काम मिळतं: बँकेची खाती आणि कर्जं, विमा, सूक्ष्म वित्त, दूरसंचार, औषधं, बांधकाम, शिकवणी वर्ग. अनेक मुलांना ते कमीपणाचं वाटतं आणि सहा महिन्यांत सोडावंसं वाटतं. मला ते महत्त्वाचं काम वाटतं. नकार ऐकणं, दुसऱ्याची गरज ओळखणं, शब्द पाळणं आणि उधारी वसूल करणं हे वर्गात शिकता येत नाही. अट एवढीच, की काम स्वच्छ असावं. भोळ्या माणसाला नको असलेली पॉलिसी गळ्यात मारून मिळवलेलं टार्गेट हे शिक्षण नव्हे.

तिसरी वाट कार्यालयीन कौशल्यांची: हिशेब, जीएसटीची विवरणपत्रं, खरेदी, गोदाम, पगारपत्रक, डिजिटल जाहिरात. इथे टॅली आणि एक्सेल नीट येणाऱ्याला माळव्यात काम मिळण्याची शक्यता जास्त. चिमणगंज मंडीतला सोयाबीन आणि गव्हाचा व्यापार, पोह्यांच्या गिरण्या, भेरूगढचं बाटिक हे उज्जैनचे आपले धंदे. बाटिकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन मिळालं म्हणजे माल विकला जातोच असं नाही. त्यासाठी नोंदणी, लेबल, दर, ऑनलाइन दुकान आणि वेळेवर पोहोचवणं लागतं. नेमकं हेच काम शिकलेल्या मुलांची वाट पाहत आहे.

चौथी वाट उद्योगांची. देवास रस्त्यावर नरवरजवळ सुमारे १,१०० एकरांवर विक्रम उद्योगपुरी उभी राहते आहे. पेप्सिकोसारख्या कंपन्या तिथे आल्या आहेत, वैद्यकीय उपकरणांचं उद्यानही तिथलंच. देवासला जुने कारखाने आहेत, किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना त्यातलाच. इंदूरजवळ पिथमपूर आहे. कारखान्यात अभियंत्यांइतकीच कच्चा माल मागवणारी, वाहनं लावणारी, साठा मोजणारी, कंत्राटी कामगारांची हजेरी आणि भविष्य निर्वाह निधी पाहणारी माणसं लागतात. ही पदं वर्तमानपत्रातल्या मोठ्या जाहिरातीत क्वचित येतात. ती ओळखीने आणि शिकाऊ उमेदवारीतून मिळतात.

म्हणून शिकाऊ उमेदवारी हा या सगळ्या वाटांचा सांधा आहे. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री सीखो-कमाओ' योजनेत पदवीधराला प्रशिक्षणाच्या काळात महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. २०२४ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मोठ्या कंपन्यांत वर्षभर काम आणि महिना ५,००० रुपये अशी रचना होती. रक्कम लहान आहे, घर सोडून शहरात राहायला पुरणारी नाही. तरीही ज्याला घरून जाऊन-येऊन हे जमतं, त्याने ते सोडू नये. बायोडाटावर एका वर्षाचा खरा अनुभव असला की पुढच्या मुलाखतीत बोलायला काही असतं.

आणि एमबीए? कॅट परीक्षेला कुठल्याही शाखेचा, साधारण पन्नास टक्के गुण असलेला पदवीधर बसू शकतो. बीबीए असणं तिथे सक्तीचं नाही. अभियंत्याशी स्पर्धा करताना गणित कच्चं असलेला बीबीए मागे पडतो. म्हणून एमबीए हेच ध्येय असेल, तर पहिल्या वर्षापासून गणित आणि वाचन सोडायचं नाही. मधे दोन वर्षं नोकरी केली, तर एमबीएचा वर्ग अधिक कळतो आणि त्याचा खर्चही अंगावर कमी येतो.

भाषा आणि लाज

देवास गेट भागातल्या मुलांची खरी अडचण इंग्रजीची असते. घरात मराठी किंवा माळवी, शाळा हिंदी माध्यमाची, बीबीएची पुस्तकं इंग्रजीत. मुलं पाठ करतात, पण मांडू शकत नाहीत. मुलाखतीत गप्प राहतात आणि गप्प राहिल्याने नापास होतात. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये वैद्यकीय शिक्षणाची पुस्तकं हिंदीत आणली. व्यवस्थापन तर त्याहून सहज हिंदीत आणि मराठीत शिकवता येईल, कारण बाजार रोज त्याच भाषांत चालतो. संकल्पना आधी आपल्या भाषेत पक्की करावी, मग इंग्रजीत मांडायला शिकावं. मराठी घरातल्या मुलाकडे तर मराठी, हिंदी आणि माळवी अशा तीन भाषा आहेत. उज्जैन-इंदूरहून पुणे, नाशिक, नागपूर, जळगाव या बाजारांशी बोलताना तीच त्याची पुंजी ठरते.

दुसरी अडचण मनाची. मराठी मध्यमवर्गात व्यवसायाविषयी एक संकोच अजून आहे. 'किर्लोस्कर'सारखं मासिक १९२० पासून उद्योगाचा विचार घरोघर पोहोचवत होतं, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून नांगराच्या कारखान्यापर्यंत मजल मारली होती. तरीही लग्नाच्या बोलण्यात 'मुलगा लॉज चालवतो' यापेक्षा 'मुलगा कंपनीत आहे' हे अजून वजनदार वाटतं. मग तो कंपनीत कुठल्याही पगारावर असो. देवास गेटवरचा एखादा लॉज चोख चालवणारी मुलगी किंवा मुलगा वीस माणसांना काम देऊ शकतो, ही गोष्ट आपण घरात मोठ्या आवाजात बोलायला हवी. मुलींच्या बाबतीत तर दुप्पट. तीन वर्षं व्यवसाय शिकवून मग 'संध्याकाळी सातनंतर काम नको' अशी अट घालणं म्हणजे पदवीवरचा खर्च वाया घालवणं आहे. सुरक्षित वाहतूक आणि स्वच्छ कामाची जागा मागणं ही पालकांची योग्य मागणी. काम नाकारणं योग्य नाही.

प्रवेश घेण्याआधी

कॉलेज निवडताना पालकांनी चकचकीत पत्रकावर विसंबू नये. पाच गोष्टी स्वतः जाऊन विचाराव्यात. अभ्यासक्रमाला तंत्रशिक्षण परिषदेची आणि विद्यापीठाची मान्यता आहे का, हे लेखी पाहावं. शिक्षक पूर्णवेळ किती आहेत आणि त्यांच्यापैकी कुणी प्रत्यक्ष व्यवसायात किंवा उद्योगात काम केलं आहे का, हे विचारावं. मागच्या वर्षीच्या मुलांनी इंटर्नशिप कुठे केली याची यादी मागावी. 'शंभर टक्के प्लेसमेंट' असं लिहिलं असेल, तर किती मुलांनी अर्ज केला, किती जणांना पत्र मिळालं आणि वर्षभरानंतर किती जण तिथे टिकले, हे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. आणि शेवटी फी. कर्ज काढून बीबीए करायचं असेल, तर तीन वर्षांची फी, राहणं आणि प्रवास यांची बेरीज करून ती सुरुवातीच्या अपेक्षित पगाराच्या किती महिन्यांची होते, ते मुलाला स्वतः काढायला सांगावं. व्यवसाय शिकायला निघालेल्या मुलाचा हा पहिला ताळेबंद.

कॉलेजांकडेही मागणी आहे. दर सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने गावातल्या एका दुकानाचा, लॉजचा, मंडीतल्या अडत्याचा किंवा बाटिकच्या कारागिराचा हिशेब प्रत्यक्ष अभ्यासावा आणि मालकासमोर मांडावा. गुण मालकाने आणि शिक्षकाने मिळून द्यावेत. याला पैसा लागत नाही, फक्त शिक्षकाची तयारी लागते. देवास गेटचे व्यापारी मुलांना नाही म्हणणार नाहीत. त्यांनाही हवं आहे की कुणीतरी त्यांच्या वहीतली गळती शोधून द्यावी.

विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगेन. बीबीए ही वाईट पदवी नाही, पण ती अर्धी पदवी आहे. उरलेली अर्धी तुम्हाला बाहेर मिळवावी लागते: आकड्यांची सवय, दोन भाषांत स्पष्ट बोलणं आणि एखाद्या धंद्यात वर्षभर घालवलेले हात. या तीन गोष्टी जो मिळवतो त्याला बीबीए पुढे नेते. त्या नसतील, तर पदवीचं कुठलंच नाव कामाला येत नाही. यंदा प्रवेश घेणार असाल, तर त्याआधी एक काम करा. आपल्या गल्लीतल्या एका दुकानदाराकडे जा आणि त्याचा महिन्याचा खर्च-उत्पन्नाचा तक्ता तयार करून द्यायची परवानगी मागा. तो तक्ता बिनचूक झाला, तर बीबीएचा पहिला धडा तुम्ही कॉलेजच्या आधीच शिकलात.